सुंभ गेला, पीळ राहिला: प्राचीन जपानचे कुंभार शिकले कसे

मातीकाम शिकणाऱ्या एका मुलीने विचारलं आहे: जपानमध्ये हजारो वर्षं मातीची भांडी होत आली, पण जुन्या काळात ना शाळा होत्या, ना पुस्तकं, ना भट्टीत लावायला तापमापक. मग हे कुंभार कुणाकडून शिकले? विद्या एका पिढीकडून दुसरीकडे गेली कशी? आणि लेखी काही नसताना आपल्याला हे आज कळतं तरी कशावरून?

मी अठ्ठावीस वर्षं चाकावर बसते आहे. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं लाकडावरची भट्टी लावते आहे. तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या दोन्ही उत्तरांची वाट तिथूनच जाते.

भांडं दोन प्रकारे पाहता येतं. एक म्हणजे ते दिसतं कसं: आकार, काठ, नक्षी. दुसरं म्हणजे ते घडलं कसं: मातीची वळी (लांब, दोरीसारखी गुंडाळी) वळीला कशी जोडली, तळ कशावर ठेवून फिरवला, आतून आधार कशाचा दिला, तासताना हात कुठून कुठे गेला. पहिली गोष्ट कुणीही लांबून पाहून उचलू शकतो. बाजारात एखादा घाट आवडला की घरी येऊन तसा करून बघता येतो. दुसरी गोष्ट मात्र घडवणाऱ्याच्या शेजारी बसल्याशिवाय हातात येत नाही, कारण तयार भांड्यावर ती बहुधा पुसलेली असते. ती दिसते भांडं फुटल्यावर, खापराच्या कडेत. म्हणून कोण कुणाकडून शिकलं हे शोधणारे संशोधक संग्रहालयातल्या देखण्या भांड्यांपेक्षा फुटक्या खापरांत जास्त रमतात. मीही रमते.

आता जोमोन काळाकडे, म्हणजे जपानमधल्या सगळ्यात जुन्या भांड्यांच्या काळाकडे ये. आओमोरी प्रांतातल्या ओदाई यामामोतो इथली खापरं सुमारे 16,500 वर्षांपूर्वीची आहेत, म्हणजे जगातल्या सर्वांत जुन्या भांड्यांपैकी. ही माणसं शिकार करत, मासे धरत, कंदमुळं आणि कवचाची फळं गोळा करत. चाक नव्हतं, भट्टी नव्हती. मातीच्या वळ्या एकावर एक चढवून भांडं उभं करायचं आणि उघड्यावर लाकडं रचून भाजायचं. 1877 साली एडवर्ड मोर्स या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाला आगगाडीतून जाताना टोकियोजवळ ओमोरी इथे शिंपल्यांचा जुना ढीग दिसला. तिथे खणल्यावर निघालेल्या खापरांवर दोरीचे ठसे होते. ‘जोमोन’ या शब्दाचा अर्थच मुळी दोरीची नक्षी.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही म्हण आपण हेकट माणसाला लावतो. जोमोनच्या खापरांवर ती शब्दशः खरी आहे. दोरी केव्हाच कुजून गेली, पीळ मात्र भाजलेल्या मातीत हजारो वर्षं तसाच आहे. हे ठसे उठवले कसे, हे बरीच वर्षं नीट उमगलं नव्हतं. चटई किंवा कापड दाबलं असेल, असं लोकांना वाटे. यामानोउची सुगाओ या संशोधकाने 1930च्या आसपास स्वतः दोऱ्या वळून त्या मऊ मातीवर लाटून पाहिल्या, तेव्हा उलगडा झाला. दोरीचा तुकडा ओल्या भांड्यावर तळव्याने लाटत नेला की तिरप्या ठशांचा पट्टा उमटतो. दोन पदरांची दोरी, तिची परत दोरी, काडीवर गुंडाळलेली दोरी, गाठी मारलेली दोरी अशा कितीतरी तऱ्हा त्याने वेगळ्या काढल्या.

शिकण्याच्या दृष्टीने यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे पिळाची दिशा. दोरी उजव्या पिळाची होते किंवा डाव्या पिळाची. मातीत तिचा ठसा उलटा उमटतो, पण मूळ दिशा त्यावरून बिनचूक ओळखता येते. आणि ही दिशा कुणी विचार करून ठरवत नाही. आपल्याकडे समईच्या वाती वळणाऱ्या आज्या आठव. कापूस मांडीवर ठेवून तळवा पुढे ढकलायचा की मागे ओढायचा, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं आणि त्याही नातीला सांगत नाहीत. नात शेजारी बसते, चार वाती बिघडवते, आणि पाचवीला तिचा तळवा आजीच्या तळव्यासारखाच सरकतो. जोमोन काळातलं शिक्षण मला असंच दिसतं. दोरी वळणं हे भांड्याच्या कितीतरी आधीचं, रोजच्या गरजेचं काम. मूल मातीला हात लावायच्या वयाचं होईपर्यंत त्याच्या हातात घरचा पीळ बसलेला असणार.

भांड्यांचं काम बायका करत असाव्यात, असा अंदाज जगभरातल्या हाताने भांडी घडवणाऱ्या समाजांवरून बांधतात. तो मला पटतो, पण शेवटी तो अंदाज आहे. जोमोन वस्त्यांत तळहातावर मावतील अशी चिमुकली भांडीही मिळतात. त्यातल्या ओबडधोबड भांड्यांत काही संशोधकांना शिकाऊ मुलांचा हात दिसतो, तर काहींना ती पूजाविधीची वाटतात. दोन्ही असू शकतील. चुलीशेजारी आई भांडं करत असेल तर मूल मातीचा गोळा मागणारच.

पहिला धडा अर्थातच मातीचा. टोकियोच्या पश्चिमेला तामा टेकड्यांत नवं शहर वसवताना जोमोन काळातली मातीची खाण सापडली. शेकडो वर्षं लोक तिथे येऊन खड्डे करून माती नेत होते. जवळच्याच एका जुन्या वस्तीत भाजलेल्या मातीचे गोळे निघाले. सगळ्यात गोड गोष्ट म्हणजे खाणीत सापडलेलं एक खापर वस्तीत सापडलेल्या खापराला तंतोतंत जुळलं. घरचं भांडं घेऊन माणसं माती आणायला गेली होती, तिथे ते फुटलं, आणि उरलेला तुकडा घरी परत आला. कुठला थर घ्यायचा, वरची काळी माती किती काढून टाकायची, बोटांत चुरल्यावर चांगली माती कशी लागते, हे त्या फेऱ्यांतच मुलांना कळत गेलं असणार. मिसळणही शिकावं लागे. पूर्व जपानात एका काळात माती मळताना वनस्पतींचे तंतू घालत, म्हणून ती खापरं आतून काळसर आणि सच्छिद्र दिसतात. कुठे वाळू, तर नैर्ऋत्येच्या क्युशू बेटावर काही काळ शंखजिऱ्याची भुकटी. आपले कुंभार राख आणि लीद मिसळतात त्याचं कारण आणि याचं कारण एकच: नुसती चिकट माती वाळताना आणि भाजताना तडकते.

तळाकडे बघायची सवय लाव. अनेक जोमोन भांड्यांच्या बुडाला चटईचा किंवा पानाचा ठसा आहे. भांडं चटईवर ठेवलं की चटईसकट फिरवता येतं, आपल्याला त्याच्याभोवती फिरावं लागत नाही. क्युशूत काही भांड्यांच्या बुडाला देवमाशाच्या मणक्याचा ठसा मिळतो. त्या मणक्याची चपटी गोल चकती फिरता पाट म्हणून वापरली होती. असली युक्ती तयार भांडं पाहून सुचत नाही. ती कामाच्या जागी बसून पाहावी लागते.

निईगाता प्रांतातली ज्वाळांसारख्या काठांची भांडी तू चित्रात पाहिली असशीलच. तोकामाचीजवळच्या सासायामा इथला तसला संच 1999 साली राष्ट्रीय ठेवा ठरला. सुमारे 5,000 वर्षांपूर्वीची ही शैली प्रामुख्याने शिनानो नदीच्या खोऱ्यातली. एवढं गुंतागुंतीचं काम, ज्यात प्रत्येक शेंडा वेगळा आणि तरी कुळ एक, ते अशा मर्यादित टापूत पिढ्यान्‌पिढ्या होत राहतं, याचा अर्थ मला एकच दिसतो: शेजारच्या वस्त्या एकमेकींत लग्नं करत होत्या, एकमेकींकडे राहायला जात होत्या, आणि हात एकमेकांना पाहत होते.

जोमोननंतरच्या यायोई काळातली भांडी साधी, पातळ, नितळ. त्यांच्याविषयी फार सांगत नाही, पण एक गोष्ट टाळता येत नाही. भातशेती जाणणारी माणसं कोरियन द्वीपकल्पातून क्युशूच्या उत्तरेला आली, त्या सुमाराला तिथल्या खापरांच्या कडा बदलतात. जोमोन पद्धतीत मातीची पट्टी अरुंद असे आणि जोड आतल्या बाजूला उतरता. नव्या पद्धतीत पट्टी रुंद आणि जोड बाहेरच्या बाजूला उतरता, वर लाकडी फळीने ओढून सारखं केलेलं. हा जोड बाहेरून अजिबात दिसत नाही, तो लिंपून बुजवलेला असतो. त्यामुळे केवळ भांडं पाहून कुणी त्याची नक्कल करू शकत नाही. तरीही त्या भागातल्या काही भांड्यांत घाट स्थानिक आणि जोड मात्र नवा, असं मिश्रण मिळतं. जुने आणि नवे लोक एकाच अंगणात बसून माती लावत होते, याचा इतका सरळ पुरावा मला दुसरा माहीत नाही.

यानंतर मोठा बदल होतो तो राजसत्ता आल्यावर. तिसऱ्या ते सातव्या शतकांत राजांच्या आणि सरदारांच्या प्रचंड मातीच्या समाध्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्यावर मांडायला हानिवा, म्हणजे भाजलेल्या मातीच्या आकृती, लागू लागले: आधी नळकांडी, मग घरं, घोडे, योद्धे, नर्तक. 720 सालच्या ‘निहोन शोकी’ या इतिहासग्रंथात एक कथा आहे. राजाबरोबर माणसं जिवंत पुरण्याची प्रथा सम्राट सुइनिनला नकोशी झाली, तेव्हा नोमी नो सुकुने याने इझुमोहून शंभर कुंभार बोलावले, मातीच्या आकृती करवल्या आणि त्याला हाजी हे कुलनाम मिळालं. उत्खननाशी ही कथा जुळत नाही, कारण सर्वांत जुने हानिवा माणसांचे नाहीतच, नळकांड्यांचे आहेत. पण कुंभारांच्या एका कुळाला आपली विद्या थेट राजाज्ञेशी जोडावीशी वाटली, हे त्यातून कळतं. त्या काळात धंद्यानुसार जन्माने बांधलेले गट होते, त्यांना ‘बे’ म्हणत. हाजी म्हणजे हाताने घडवलेली तांबूस भांडी करणाऱ्यांचा गट, सुए म्हणजे करडी, टणक भांडी करणाऱ्यांचा गट. आपल्या बलुतेदारीशी तुलना करायचा मोह होतो, पण बलुतेदार गावाचा असे आणि हे गट दरबाराच्या आणि सरदारांच्या सेवेत होते.

घरातलं शिक्षण कामशाळेत गेलं की काय होतं, ते ओसाकाजवळच्या ताकात्सुकी इथल्या शिनइके भट्ट्यांवर दिसतं. पाचव्या शतकाच्या मध्यापासून सुमारे शंभर वर्षं चाललेल्या या ठिकाणी 18 भट्ट्या आणि तीन मोठ्या कामशाळा सापडल्या. जवळच्या इमाशिरोझुका समाधीचे हानिवा इथेच भाजले गेले. हानिवावर फळी ओढून पृष्ठभाग सारखा करत, त्या फळीच्या लाकडाच्या रेषा मातीत उमटत. दोन फळ्यांच्या रेषा कधीच सारख्या नसतात, त्यामुळे बोटांच्या ठशांसारख्या त्या जुळवता येतात. संशोधक अशा रेषा जुळवून एकाच फळीने केलेले हानिवा ओळखतात, कधी कधी वेगवेगळ्या समाध्यांवरचेसुद्धा. मग एकाच कामशाळेतले वेगवेगळे हात दिसू लागतात: एकाचे फटकारे लांब आणि निश्चिंत, दुसऱ्याचे आखूड, मध्येच थांबलेले. थांबलेले फटकारे पाहिले की मला माझ्याकडे शिकायला येणारी मुलंच दिसतात.

आता मला सगळ्यात जवळच्या भागाकडे येते, सुए भांड्यांकडे. पाचव्या शतकात कोरियन द्वीपकल्पाच्या दक्षिणेकडून कुंभार आले आणि त्यांनी जपानमध्ये तीन गोष्टी एकदम आणल्या: चाक, थापटून मोठी भांडी वाढवण्याची रीत, आणि डोंगराच्या उतारात खणलेली बोगद्यासारखी भट्टी, जिला अनागामा म्हणतात. उघड्यावरच्या जाळात 600 ते 900 अंश मिळतात. अनागामात 1,100 अंशांच्या वर जाता येतं. शेवटी भट्टीची तोंडं लिंपून आग कोंडायची. प्राणवायू तुटला की मातीतलं लोह लाल न होता राखी होतं, म्हणून सुए भांडी करडी, टणक, वाजवली तर खणखणीत. ‘निहोन शोकी’ने या नवागत कुंभारांपैकी एकाचं नावही ठेवलं आहे: कोरियातल्या पेकचे राज्यातून आलेला कोकी. ओसाकाच्या दक्षिणेला साकाईजवळच्या टेकड्यांत सुएमुरा नावाचं भट्ट्यांचं जाळं उभं राहिलं. पाचव्या ते दहाव्या शतकांदरम्यान तिथे शेकडो भट्ट्या पेटल्या.

तिथल्या पहिल्या भट्ट्यांमधली भांडी कोरियातल्या भांड्यांपासून वेगळी काढणं अवघड जातं. थोड्याच पिढ्यांत घाट बदलत जाऊन ‘जपानी’ होतो, आणि मग क्युशूपासून ईशान्येकडच्या आजच्या सेंदाईपर्यंत एकाच वळणाची सुए भांडी होऊ लागतात. एवढ्या अंतरावर एवढा सारखेपणा नुसता नमुना पाठवून येत नाही. त्यासाठी भट्टी लावणारी माणसंच पाठवावी लागतात.

मोठ्या सुए माठांच्या बाहेरच्या अंगावर समांतर रेषा असतात आणि आतल्या अंगावर एकात एक वर्तुळं. बाहेरून कोरलेल्या थापटण्याची थाप, आतून वर्तुळं कोरलेल्या लाकडी गोट्याचा आधार. कुंभारवाड्यातल्या ज्या काकांकडे मी पहिल्यांदा शिकले, ते माठ थापटताना माझ्याशी बोलत नसत. एकदाच म्हणाले, "बघू नको, ऐक." भिंत जाड आणि ओली असते तेव्हा आवाज बद्द येतो, आवळत आणि पातळ होत गेली की तो वर चढतो. कुठे थांबायचं हे तो आवाज सांगतो. सुए माठाच्या आतली वर्तुळं मी जेव्हा जेव्हा पाहते, तेव्हा ती एकमेकांवर किती सारख्या अंतराने चढली आहेत ते मोजते. सारखं अंतर म्हणजे सारखी लय. ही लय कुणाच्या तरी लयीच्या शेजारी बसूनच लागते.

चाकाचं शिक्षण मात्र वेगळं. जपानमध्ये आजही म्हणतात की माती मळायला तीन वर्षं लागतात, आणि चाकाला त्याहून जास्त. ही म्हण किती जुनी ते सोड, पण काम मुळातच तसं आहे. मातीत राहिलेला हवेचा एक बुडबुडा घडवलेलं भांडं वाया घालवतो, म्हणून नवख्याला आधी तिथेच बसवतात. मळताना त्याचे डोळे रिकामे असतात, आणि समोर मुरलेला कुंभार चाकावर असतो. पाहून शिकण्याला जपानीत ‘मिनाराई’ म्हणतात, आणि कला शिकवली जात नाही, ती चोरायची असते, असंही तिथले कारागीर सांगतात. बाहेरून हे कठोर वाटतं. मलाही सुरुवातीला वाटायचं. पण चाकावरच्या कामातला बराचसा भाग शब्दांत बसतच नाही. कोपर मांडीला कितपत टेकवायचं हे वाचून कळत नाही.

सगळ्यात हळू शिकायची गोष्ट म्हणजे आग. चाकावर दिवसाला पन्नास चुका करता येतात, भट्टीत वर्षाला दोन किंवा तीन. अनागामा अनेक दिवस-रात्र पेटती ठेवावी लागते, म्हणजे पाळ्या आल्या, आणि रात्रीच्या पाळीत म्हाताऱ्याच्या जोडीला पोरगं आलं. ज्वाळेचा रंग तांबड्यापासून केशरी, पिवळा, पांढरट कसा होत जातो, लाकूड टाकल्यावर धूर किती वेळ काळा राहतो, भट्टी आतून कशी घुमते, हे अशा रात्रींतच अंगात उतरतं. माझ्या चौथ्या भट्टीत मी उतावीळपणाने तोंडं लवकर लिंपली. पुढची भांडी सुरेख करडी झाली, मागची अर्धवट तांबूस, कच्ची. पंधरा दिवसांचं काम गेलं. पण मागच्या भिंतीपाशी उष्णता किती उशिरा पोचते, ते मी त्यानंतर कधी विसरले नाही.

म्हणून सुए कुंभारांची खरी शाळा मला त्यांच्या भट्टीखालच्या राखेच्या ढिगात दिसते. प्रत्येक जुन्या भट्टीच्या उतारावर राख, कोळसा आणि टाकून दिलेल्या भांड्यांचा थर असतो: वाकलेले काठ, बसलेले तळ, एकमेकांना चिकटलेल्या थाळ्या, फुगलेल्या भिंती. संशोधकांना काळ ठरवायला हे ढीग उपयोगी पडतात. नवख्या कुंभाराला ते येता-जाता पायाखाली लागत. हे भांडं जाळाच्या फार जवळ ठेवलं, हे ओलं असतानाच आत गेलं, हे दुसऱ्यावर नीट टेकवलं नाही. अपयशाचा एवढा उघडा संग्रह कुठल्याच आधुनिक वर्गात मिळत नाही.

आणि या शिक्षणाची किंमत डोंगरांनी मोजली. 859 साली कावाची आणि इझुमी या दोन प्रांतांत भट्ट्यांसाठी लाकूड तोडायच्या डोंगरावरून तंटा झाल्याची दरबारी नोंद आहे. सुएमुरा त्यानंतर फार काळ टिकलं नाही. सरपण संपलं की कुंभार हलतो, आणि तो हलला की विद्याही हलते.

स्त्री-पुरुषांच्या कामाविषयी एक कागद सांगायलाच हवा, कारण तो मला फार जवळचा वाटतो. नारा इथल्या शोसोइन भांडारात आठव्या शतकातली सरकारी कागदपत्रं टिकली आहेत. त्यातल्या 750 सालच्या एका कागदात हाजी भांड्यांच्या कामाचा हिशेब आहे. पुरुष माती खणतो, वाहून आणतो, सरपण आणि पेंढ्याची सोय करतो. भांडी घडवते ती स्त्री. एकूण भांडी चार हजारांवर. आपल्याकडच्या बहुतेक कुंभार घरांत बाई माती मळते, रंगवते, बाजारात विकते, पण चाकाला हात लावत नाही, ही रीत मी जवळून पाहिली आहे. त्यामुळे बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या कागदावर घडवणारी म्हणून एका बाईची नोंद वाचताना माझा घसा दाटून आला होता. चाकावरची सुए भांडी बहुधा पुरुषांची आणि हाताने घडवलेली हाजी भांडी बायकांची, अशी विभागणी अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे एकाच देशात, एकाच काळात, शिकण्याच्या दोन साखळ्या शेजारी शेजारी चालल्या होत्या: आईकडून लेकीकडे एक, बापाकडून किंवा मुकादमाकडून पोराकडे दुसरी.

बाराव्या शतकापासून पुढचं थोडक्यात सांगते, कारण तो काळ ‘प्राचीन’ नाही. तोकोनामे या मातीकामाच्या गावचे कुंभार कमरेइतके उंच रांजण चाकाशिवाय करत. मनगटाएवढी जाड वळी खांद्यावर टाकून, मागे मागे चालत भांड्याभोवती फिरायचं आणि ती जोडत जायची. चाक फिरत नाही, कुंभार फिरतो. एचिझेनची जुनी भांडी तोकोनामेच्या भांड्यांशी इतकी जुळतात की कुंभारांचीच ये-जा झाली असणार. बिझेनमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून काही कुळं मिळून अवाढव्य भट्ट्या लावत, त्यातली दक्षिणेची सुमारे 54 मीटर लांब. आपलं भांडं कुठलं हे कळावं म्हणून प्रत्येक जण बुडाला खूण कोरे. भट्टी सामायिक असली की आगीचं ज्ञानही सामायिक होतं. एकाच घराला ते कोंडून ठेवता येत नाही.

हे मुद्दाम सांगते, कारण जपानी कुंभार म्हटलं की बाप मरताना एकाच मुलाच्या कानात सांगतो ते गुपित, असं चित्र सगळीकडे रंगवलेलं असतं. ते चित्र बरंचसं सतराव्या शतकानंतरचं आहे. 1592 ते 1598 या काळात जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने कोरियावर स्वाऱ्या केल्या आणि क्युशूच्या आणि पश्चिमेच्या सरदारांनी कोरियन कुंभार पकडून आणले. आरिताची पोर्सेलीन (पांढरी, काचेसारखी चिनी माती), हागी, सात्सुमा ही सगळी घराणी तिथून सुरू होतात. पेक पा-सोन नावाची एक कोरियन विधवा नवऱ्यामागे शेकडो कुंभारांची म्होरकी झाली आणि त्यांना घेऊन आरिताला आली. पोर्सेलीनमध्ये पैसा होता, म्हणून सरदारांनी वेशीवर चौक्या बसवल्या, रंगकाम करणारी घरं मोजून ठेवली. गुपित जन्मलं ते बाजारातून. आणि तरीही ते टिकलं नाही. सेतो या कुंभारगावचा काटो तामीकिची 1804 साली क्युशूला गेला, तिथल्या भट्ट्यांवर राबला आणि 1807 साली पोर्सेलीनची विद्या घेऊन परतला. पुन्हा तेच: विद्या न्यायला माणूसच जावा लागला.

आजही जुनी रीत पाहायची असेल तर क्युशूतलं ओंता हे गाव आहे. 1705 साली इथे कुंभारकाम सुरू झालं, जेमतेम दहाएक कुंभार घरांचं गाव. ओढ्याच्या पाण्यावर चालणारी लाकडी उखळं दिवसरात्र माती कुटतात आणि त्यांचा ठोका खोऱ्यात घुमत राहतो. माती सगळे मिळून खणतात, बाहेरचा शिकाऊ घेत नाहीत, भांड्यावर कुणी स्वतःचं नाव घालत नाही. तिथल्या मुलाच्या कानावर मातीचा तो ठोका पाळण्यातच पडतो. त्याचं शिक्षण नेमकं कधी सुरू झालं, ते त्याच्या आईलाही सांगता यायचं नाही.

तुला एक काम सांगते. नारळाचा काथ्या किंवा सुती धागा घे, दोन पदर घेऊन वीतभर दोरी वळ, फार विचार न करता. मऊ मातीची एक थाळी कर आणि ती दोरी त्यावर तळव्याने लाटून बघ. मग तेच सामान आईच्या हातात दे, जमलं तर आजीच्याही, आणि काही न सांगता त्यांना वळू दे. तिघींचे ठसे एकाच थाळीवर शेजारी शेजारी उठव आणि पीळ कुणाकडे झुकतो ते पाहा. थाळी सावकाश, सावलीत वाळव. माझ्या पुढच्या भट्टीत ती भाजून देईन.